टाचांची तयारी

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. यंदा माझा नंबर लागला. चार दिवस मी टाचा वज्रीने घासल्या, नखं कापली, वर सुनेचं महागाचं क्रीम चोपडलं. सून म्हणाली, "आई, पाय धुऊन घ्यायला चाललात की दाखवायला?" मी म्हटलं, "तुझ्यासारख्या भेगा घेऊन मी चारचौघांत बसायची नाही."

जाऊन बघते तर सगळ्यांचेच पाय आरशासारखे लखलखीत! माझ्या अलीकडची एक खुर्ची तेवढी रिकामी, कारण त्या गृहस्थांना ताप आलेला. फादरनी मागच्या अंगणातून ड्रेनेजवाल्याला बोलावलं. तो सकाळपासून तुंबलेल्या चेंबरमध्ये उभा होता, तसाच आला.

"फादर, मी तर तुमच्यातला पण नाही."

"दमलायत ना? मग बसा," फादर म्हणाले.

बसला की हो! गुडघ्यापर्यंत नुसता चिखल, आणि वास तर विचारूच नका. टॉवेल सगळ्यांना मिळून एकच. याचे पाय पुसून झाले की तोच माझ्या क्रीम लावलेल्या पायांना लागणार. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं, "अहो फादर, त्याला आधी नळावर पाठवा. पाय स्वच्छ धुऊन ये म्हणावं, मग बस इथे."

फादर तांब्या घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते. तिथूनच त्यांनी मान वर केली.



"आजी, मग मी काय करू?"