बावीस स्वर

"बावीस स्वर आहेत," प्राध्यापकांनी जुन्या हस्तलिखिताची प्रत मुलाखतीला आलेल्या मुलीपुढे सरकवली. "संगीतकाराने सगळ्यांवर एकच कमान काढलीय. म्हणजे व्हायोलिनच्या गजाच्या एकाच ओढीत वाजवा. छापणाऱ्यांनी तिचे तीन तुकडे केले. बरोबर कोण?"

संगीत-संशोधनाच्या एम.ए.ची ही मुलाखत तिच्या आईच्या लेखी नुसता उपचार होता. आई तीस वर्षं व्हायोलिन शिकवत होती. विद्यार्थी तिला पाठीमागे हेडबाई म्हणत. वादनाच्या एम.ए.च्या यादीत मुलीचं नाव पहिलं लागलं होतं. तिथे आजच होकार कळवायचा होता. "ज्यांना वाजवता येत नाही, ते त्यावर लिहीत बसतात," असं म्हणून आई बाहेर बाकावर टेकली होती. त्या यादीसाठीच्या वादन-परीक्षेच्या दिवशी मंचावर जाण्याआधी मुलीला दोनदा उलटी झाली होती. ते तिने आईला सांगितलं नव्हतं.

"व्हायोलिन काढू?" तिने विचारलं.

सतराव्या स्वरावर गज संपला. तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सूर किंचाळला. तिने गज तारांना उचलून धरणाऱ्या घोडीच्या जवळ नेला, दाब कमी केला. एकोणीस. समोर प्राध्यापकांसह तीन परीक्षक बसले होते, पण तिचं लक्ष कागदावर होतं. आठव्या खेपेला बावीसही स्वर एका ओढीत निघाले. शेवटचे तर जेमतेम ऐकू येतील इतके बारीक झाले.

"अहो, म्हणूनच!" ती जवळजवळ ओरडली. "म्हणूनच पुढची ओळ जोरात आहे! हा आवाज विझायलाच हवा होता. तुकडे केले की तो विझतच नाही."

प्राध्यापक हसले. त्यांनी प्रवेशाचा कागद आणि पेन पुढे केलं.

तेवढ्यात दार लोटून आई आत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"अगं, काय चाललं होतं हे? पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी चुकत होतीस! चार लोकांसमोर असं वाजवून दाखवतात?"

मुलीने कागदावर सही केली.

"वाजवून दाखवत नव्हते गं, आई," ती म्हणाली. "वाजवून बघत होते."