निवटीचं कूळ

ताटातल्या निवटीचे वटारलेले डोळे पाहून प्राध्यापक टेंब्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. चिखलात सरपटणारा हा बुळबुळीत मासा त्यांनी जन्मभर प्रयोगशाळेच्या बरणीत पाहिला होता. आज लेकीच्या होणाऱ्या सासरी, रेवसच्या कोळीवाड्यात, तो कालवणात पोहत होता.

“घ्या की, सर,” मुलाची आई म्हणाली. “तुम्ही हिच्यावरच डॉक्टर झालात ना?”

“झालो. पूर्वी हिला खरबी माशाच्या कुळात धरत. आम्ही जनुकं तपासून वेगळ्या कुळात टाकलं.” ताट सरकवत ते म्हणाले, “आमच्यातही लग्नाआधी कूळ बघतात.”

“बाबा, निवटीचं कूळ बदललंत तेव्हा तिला विचारलं होतंत?” लेक म्हणाली. “मी तर आपणहून बदलतेय. जेवा.”

टेंब्यांनी नाक मुरडून घास घेतला. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली, कारण जीभ आणखी एक मागत होती.