आईचा अनंत

वृंदानं व्हॅक्यूम ओव्हनचं दार लावलं आणि पंप सुरू केला. हवा काढून घेतली की कोमट उबेतही पाणी निघून जातं, रंग करपत नाही. एरवी आत औषधाची पूड असायची. आज अनंताचं एकुलतं एक फूल होतं.

कुंडीतला अनंत आईनं लावलेला. पुढं तिची दृष्टी गेली, तरी रोज सकाळी तिचं पालुपद एकच, "फुलला का गं?" द्वाड फुलला तो आई गेल्यावर.

संध्याकाळी फूल बाहेर आलं ते जसंच्या तसं, पांढरंशुभ्र. वृंदानं ते नाकाशी नेलं. वासाचा मागमूस नव्हता. जणू कोरा कागदच.

फुलातली वाफ पंपाच्या वाटेवर, बर्फात ठेवलेल्या बाटलीत गार होऊन साठली होती. ते पाणी नेहमी फेकूनच देतात. लॅबमधले तांबेकाका बाटली सिंकमध्ये उपडी करणार, तोच थबकले. "मॅडम, यात अत्तर सांडलं की काय?"

वृंदानं बाटली जवळजवळ हिसकावलीच. तळाशी चमचाभर पाणी होतं. आईला फूल दिसलं नसतंच, हे मात्र पोचलं असतं.

तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"फुलला गं, आई."