दाराबाहेर बसायची फी

"जितला न बे वामन्या!" कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता रामरावांनी चुलतभावाच्या पाठीत थाप मारली. "कुंपणच शेत खाऊन राह्यलं होतं. बरं पकडलं तू."

वामनरावांनी डोईची टोपी सारखी केली. बुलढाण्याच्या कोर्टात जज्जसाहेबांपुढं उभं राहून बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. पण बोलले ते खणखणीत बोलले. मुलाला आणि सुनेला कोर्टानंच समुपदेशनाला धाडलं होतं; मोडता संसार सावरतो का बघा म्हणून. दर मंगळवारी गोपाल साखरखेर्ड्याहून यायचा आणि योगिनी माहेराहून, जळगाव जामोदहून. फी मुलाकडच्यांनी भरायची. आणि समुपदेशन करणाऱ्या अनुपमाबाई निघाल्या सुनेच्या वकिलाची सख्खी बहीण! वकिलाच्या पोरानं जिन्यात त्यांना 'आत्या' म्हणून हाक मारली, ती वामनरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. भाऊ तारखा वाढवणार, बहीण फी घेणार. बरं, बाई खोलीत बसत तरी होत्या का? दोघांना आत घालून दार लोटून घ्यायच्या आणि स्वतः बाहेर बाकावर लसूण सोलत बसायच्या.

साहेबांनी वामनरावांचा अर्ज वाचला, त्यांचं ऐकून घेतलं आणि अनुपमाबाईंचं समुपदेशन थांबवलं. दुसरं माणूस नेमायचं ते दिवाळीनंतरच्या तारखेला.

वामनरावांच्या बोलण्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"काका, जरा थांबता?" मागून अनुपमाबाई आल्या.

"घे, आता जितल्याची फी मांगते का काय थे," रामराव पुटपुटले.

"वकील माझा भाऊ आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. घेतलेली फी परत करीन."

"करा. आन् बाहेर बसायची कायची फी घेत होत्या, थे बी सांगा."

बाई एक पायरी खाली उतरून त्यांच्यासमोर आल्या. "मी आत बसले की दोघं माझ्याशीच बोलायचे. एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा फोन आला म्हणून मी बाहेर गेले, तर आतून हसण्याचा आवाज आला. योगिनीचा. मग मी पुन्हा आत बसलेच नाही."

वामनराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. योगिनीचं हसणं कसं असतं ते त्यांना आठवेना. आठवायला ते कधी ऐकलंच नव्हतं. सासऱ्यापुढं सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या आईनं पाळली, बायकोनं पाळली. घर दोन खोल्यांचं आणि मधल्या दारात वामनरावांची बाज. "आमच्या सुनेचा आवाज शेजाऱ्यालेबी माहीत नाई," असं ते लग्नाकार्यात चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

"मंग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही, काका."

"एक डाव उघडा ना थे खोली. आजच्या दिवस. पाह्यजे तर मी खाली चौकात जाऊन बसतो."

"मला मनाई झाली," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्याच अर्जावर."

फाटकाजवळच्या लिंबाखाली गोपाल आणि योगिनी उभी होती. योगिनीचा भाऊ मोटारसायकलवर बसून चावीशी चाळा करत होता. दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. गोपालचा हातही बोलण्याबरोबर हलत होता. वामनराव झपाझप तिकडे निघाले.

त्यांना बघताच योगिनीनं ओढणी डोक्यावर घेतली आणि तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवलं. गोपाल आपल्या चपलांकडे बघू लागला.

"आमी काई दिवाळीची वाट पाहत थांबत नाई," योगिनीचा भाऊ म्हणाला. "लय झाल्या चकरा. दोघाईच्या राजीखुशीनं सह्या करू आन् मोकळं होऊ."

"थांब बापा, घाई नको करू," वामनराव म्हणाले. मग मुलाकडे वळले. "बोल ना बे गोपाल. काय बोलून राह्यला होता?"

"काई नाई, बाबा."

"सूनबाई, तू तरी बोल. जे असन ते बोल. मी काई म्हणत नाई."

योगिनीची मान आणखी खाली गेली. "काई नाई, मामाजी."

वामनराव चार पावलं मागं सरले. दोघं गप्पच. आणखी मागं सरले. पण कोर्टाचं आवार उघडं. कुठंही उभं राहिलं तरी ते दिसणारच. शेवटी त्यांनी आवाराच्या भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून धरले.

येणारेजाणारे वळून वळून बघू लागले. रामराव धावत आले, काहीतरी विचारू लागले, दंड धरून हलवू लागले. वामनरावांनी हात काढले नाहीत.

कान दाबून धरले की आतूनच एक घरघर ऐकू येते. ती तीच, का मागं मोटारसायकल सुरू झाली, हे त्यांना कळेना. हात काढून ऐकावं म्हटलं, तर तेवढा धीर होईना.