नंबराने गेलेली फाइल

कायद्यापुढे सगळे समान असतात. त्या इमारतीत ते तळमजल्यावरच्या खिडकीपर्यंत समान असत. तिथून पुढे कोण तीन नंबरच्या कोर्टात जातो आणि कोण चार नंबरच्या, यावर सगळं होतं.

खिडकीमागे नोंदणी कारकून बसायचा. आलेल्या फाइलींवर शिक्के मारायचा: एक तीनला, पुढची चारला, पुन्हा तीनला. एकतीस वर्षांत त्याने हा क्रम मोडला नव्हता. ऑफिसातले त्याला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

अत्याचाराच्या गुन्ह्याला कायद्यात तीन ते नऊ वर्षं होती. मधलं सगळं न्यायाधीशाच्या मर्जीवर. मर्जीला कायद्यात विवेकाधिकार म्हणतात. तीन नंबरच्या न्यायाधीशांचा विवेक नऊच्या खाली उतरत नसे. चार नंबरच्यांचा तीनच्या वर चढत नसे. आरोपीचं वय, पहिलीच चूक, घरची म्हातारी माणसं, त्यांना सगळ्याचीच कणव यायची. दोघेही विद्वान होते. दोघेही निकालात एकच वाक्य लिहीत: ‘सर्व परिस्थितीचा साकल्याने विचार करता’.

त्या सोमवारी एक फाइल शिकवणीच्या मास्तरची आली. वय एकतीस. मुलगी सोळा वर्षांची, त्याच्याकडे गणित शिकायला यायची. कारकुनाने पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटलं नाही. त्याची स्वतःची मुलगी त्या वयात शिकवणीला जायची. ती परत येईपर्यंत तो जिन्यात काहीतरी काम काढून उभा राहायचा.

फाइलीत दोन कागद कमी होते, म्हणून शिक्का अडला. चार दिवस त्या केससाठी दोन बायका खिडकीशी येत राहिल्या.

एक उंच, ताठ, कडक इस्त्रीतली. केसचा नंबर सांगायची, कागद आले का विचारायची आणि वळायची. डोळ्यांत टिपूस नाही. आरोपीची बहीण असणार, कारकुनाने ताडलं. इतकी वर्षं खिडकीत काढल्यावर माणूस चेहऱ्यावरून कळतो, असं तो नव्यांना सांगत असे.

दुसरी साठीची, शिवणकाम करणारी. बोलायला गेली की रडू फुटायचं, म्हणून बोलतच नसे. समोरच्या बाकावर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी तिला त्याच्या बाहीचं बटण लोंबताना दिसलं. तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि हात खिडकीबाहेर द्यायला लावला. बायको गेल्यापासून त्याच्या बटणांकडे कोणी पाहिलं नव्हतं. फूटपट्टीला टाके पडले, असं शिपाई दिवसभर सांगत फिरला.

दोरा तोडताना तिने एवढंच विचारलं, “नीट ऐकून घेतील ना हो, दादा?”

घेतील, असं तो म्हणाला. एरवी तो कुणालाच काही सांगत नसे.

पाचव्या दिवशी कागद आले. क्रमाने मास्तरची फाइल चारला जात होती. तिच्या खालची तीनला. तीत एक गोदामाचा मुकादम, त्याच्या हाताखालची एक बाई आणि कलम तेच. कारकुनाने बाहेर पाहिलं. ती बाकावर होती, हात मांडीवर ठेवून. त्याने वरची फाइल खाली ठेवली, खालची वर घेतली आणि दोन्हींवर शिक्के मारले. दुपारी डबा गेला नाही. पण बरं वाटत होतं.

असे खटले बंद दाराआड चालतात; वर काय चाललंय ते खाली कळत नाही. चौदा महिने ती तारखेला येत राहिली. खिडकीशी थांबायची, जेवलात का विचारायची आणि जिना चढायची. मुलगी कशी आहे, हे विचारायला त्याची जीभ रेटली नाही.

दोन्ही निकाल एकाच दिवशी खाली आले. मास्तरला नऊ वर्षं. मुकादमाला तीन. दोन्हीकडे सर्व परिस्थितीचा साकल्याने विचार झाला होता. मुकादमाची नोंद करताना कारकुनाने फिर्यादी बाईच्या नावावर हात ठेवला.

मग तो बाहेर येऊन बाकावर तिच्याशेजारी बसला.

“नऊ झाली, ताई. ह्याच्यावर कायद्यातच नाही.”

“ऐकलं मी.”

“आता पोरीला सांगा, मान वर करून फिर म्हणावं.”

तिने व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. ती उंच, कडक इस्त्रीतली बाई खांबाला धरून, सगळ्यांदेखत हमसून रडत होती. एक मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“सांगेल की तिची आई,” ती म्हणाली. “मघाशी गेले होते मी, माफी मागायला. तिने माझा हात धरला.”

कारकुनाचा हात बाहीच्या बटणावर गेला.

“त्याने केलंय, दादा. पहिल्या दिवशीच ओळखलं मी, पोटचाच आहे. वर सगळे म्हणतात, चार नंबरला गेला असता तर तीन वर्षांत घरी आला असता. तीन वर्षं मी कशीही काढली असती. नऊचं काही सांगता येत नाही.” तिने पिशवी मांडीवर घेतली. “पण म्हटलं, खिडकीत तुम्ही होतात. तुम्ही काही कुणासाठी क्रम मोडणारे नाही. कुणी मुद्दाम ढकललं असतं, तर मला झोप लागली नसती. नंबरानेच गेली ना फाइल?”

“नंबरानेच,” कारकून म्हणाला.