तीन वीत उंबरा

रिटायरमेंटमुळे सरकारी क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं, म्हणून दिल्लीतल्याच द्वारकेतल्या नव्या फ्लॅटचा ब्रोशरमधला नकाशा मी कंप्युटरवर घेतला आणि अंदाजानं ताणून त्यात सामान मांडलं. सगळं बसलं, आईची व्हीलचेअरसुद्धा. “बाबा, असं नाही चालत यार,” लेक वैभवी म्हणाली. “आधी एका रेघेचं खरं माप द्यायचं, मग बाकीचं घर त्यावरून ठरतं.” खात्रीचं माप आमच्याकडे एकही नव्हतं. “माझ्या खोलीचा उंबरा घे,” मागून आई म्हणाली. “तीन वीत भरतो.” दिवाळीत नवा फ्लॅट बघायला गेलो होतो, ते मला आठवलं. लिफ्ट बंद होती, म्हणून खुर्ची खाली ठेवून मी आईला उचलून वर नेलं होतं आणि तिच्या खोलीच्या दारात बसवलं होतं. ती उंबऱ्यावरून हात फिरवत राहिली. नव्या घराला नमस्कार करतेय, असं वाटून माझेच डोळे भरून आले होते. “वीत म्हणजे?” दिल्लीत वाढलेल्या वैभवीनं विचारलं. आईनं पंजा ताणून दाखवला. टेप लावली, आठ इंच भरले. मी चोवीस टाकले. खुर्ची होती तेवढीच राहिली, घर मात्र आकसलं. माउसनं मी ती सव्वीस इंची खुर्ची आईच्या दाराशी नेली. दोन्हीकडे ती एकेक इंच पिलरमध्ये घुसली, आणि ते पिलर इमारत पेलणारे होते. “आई, तू त्या दिवशी नमस्कार करत होतीस ना?” “केला की,” आई म्हणाली. “मोजून झाल्यावर.”