अडतीस खुर्च्यांचं विमान

मोठी आत्या विमानाच्या शिडीवरून ओरडली, “अगं, ये की लवकर! नवरी तू, आणि सगळ्यांच्या मागे काय रेंगाळतेस?”

नवरी रेंगाळत नव्हती. तिला कुंपणापलीकडे कुणी सोडतच नव्हतं. फाटकावरच्या माणसाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मान हलवली. विमानात खुर्च्या अडतीस, यादीत माणसं अडतीस, आणि त्यांत नवरीचं नाव नाही. नवऱ्याचं नाही, त्याच्या आईचं नाही, तिच्या आईबाबांचंही नाही. पुढचं विमान थेट पुढच्या आठवड्यात. सगळं वऱ्हाड परत यायचं ते त्याच विमानाने.

“बाबा,” ती म्हणाली, “आ... आपली तिकिटं?”

“आधी पाहुणे, मग घरचे,” बाबा शांतपणे म्हणाले. “आपल्याकडे जेवायलाही तसंच बसतात ना?”

आईने कपाळाला हात लावला. “अहो, जेवण संपलं तर मी पुन्हा कुकर लावते. विमान कुठून लावू?”

नवल म्हणजे बाबांनी पस्तीस वर्षं बसच्या तिकीटखिडकीत काढली होती. एवढ्या काळात त्यांनी एक जागा दोघांना विकली नाही, की ओळखीच्याला पुढे घुसू दिलं नाही. खिडकीत वाघ होते. घरी मात्र नातेवाइकांपुढे त्यांची गोगलगाय व्हायची.

बेटावर लग्न करायचं खूळ नवरीचं. ती नकाशांच्या कचेरीत चुका शोधायचं काम करायची. एकदा गरम समुद्राच्या मधोमध तिला एक ठिपका दिसला. बेट आहे की शाईचा डाग, यावर कचेरीत दोन दिवस वाद झाला. निघालं बेटच. नारळाची झाडं, पांढरी वाळू, एक हॉटेल आणि आठवड्यातून एक विमान. इतक्या लांब कोण मरायला येतंय, असा तिचा साधा हिशेब होता.

नातेवाईक वाईट होते असं नाही. पण नवरी बोलताना अडखळायची, आणि त्यांना दम म्हणून नव्हता. तिचं प्रत्येक वाक्य कुणीतरी दुसराच पुरं करायचा. लहानपणी ती “मला पा...” एवढं म्हणाली की आत्या पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावायची. तिला पाटी हवी असायची. नाही म्हणायला आणखी वेळ लागणार, म्हणून बिचारी पाणी पिऊन टाकायची. असं नको असलेलं कितीतरी पाणी तिच्या पोटात गेलं होतं. लग्न ठरलं तेव्हा आत्याने सगळ्यांसमोर धीर दिला होता, “तू मुळीच घाबरू नकोस. ऐन वेळी अडलीस तर ‘हो’ मी म्हणेन.” आत्या बोलायची ते करायची. म्हणून तर नवरीची झोप उडाली होती. जन्मात एक शब्द तरी तिला स्वतः, पुरा म्हणायचा होता.

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. पहिल्या भेटीत तिचं एक वाक्य संपायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. तो हनुवटीला हात लावून ऐकत बसला, मधे एक अक्षर बोलला नाही. तिने तिथेच ठरवून टाकलं.

आमंत्रण धाडणं भागच होतं. तिने ते मन लावून लिहिलं. ऊन फार आहे, डास त्याहून फार आहेत, खोल्यांना पंखे नाहीत, समुद्रातले मासे चावतात, तरी अगत्य यावे. उलट टपाली अडतीस होकार आले. मामांनी कळवलं की डास त्यांना लागत नाहीत. गुडघे धरून बसलेल्या काकांनी पोहण्याचा चष्मा घेतला. चावणारे मासे नेमके किती वाजता येतात, अशी मावशीने चौकशी केली. बाबा फोनवर प्रत्येकाला “या, या, नक्की या” म्हणत राहिले. आत्याला तर त्यांनी खिडकीजवळची जागा दिली. त्या दिवशी नवरी मोरीत नळ सोडून रडली. नंतर बाबांनी नवरा-नवरीपुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि ते दाखवतील तिथे दोघांनी न वाचता सह्या केल्या.

आणि आता विमान धावायला लागलं होतं. शेवटच्या खिडकीत आत्याचा हात हलत होता. बघता बघता विमान ढगात शिरलं, आणि कुंपणापाशी पाच माणसं उरली.

“तिकडे सगळे वाट बघतील हो!” आई रडकुंडीला आली.

“बघू देत. हॉटेलवाल्याला सांगून ठेवलंय. कुणीही विचारलं तरी नवरी उद्याच्या बोटीने येतेय म्हणायचं. रोज.” बाबांनी खिशातून एक लिफाफा काढला. “चला आता, नोंदणी कचेरीत साडेबाराची वेळ दिलीय. महिनाभर आधी अर्ज करावा लागतो तिथे. तीन साक्षीदारही लागतात. आम्ही तिघं आहोत.”

नवरी त्यांच्याकडे बघतच राहिली.

“बाबा, तुम्ही हे मु... मु...”

नवरा थांबला, त्याची आई थांबली. तिच्या आईने तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. बाबा खिडकीतून रांगेतल्या माणसाकडे बघावं तसे निवांत बघत राहिले.

“...मुद्दाम केलंत?”

“मला कुणाला नाही म्हणता येत नाही गं,” बाबा म्हणाले. “गाडीत बसवून द्यायला तेवढं येतं.”